फिरत्या छोट्या भागाचा तोल मोजायचा, पण भागाला ओरखडाही न पाडता

टॉवेल आणि चादरीला लागणारं जाडसर सूत काढायला ओपन-एंड मशिन सोयीचं पडतं. या मशिनच्या प्रत्येक पेटीत एक छोटी वाटी असते, तिला रोटर म्हणतात. व्यास तीस-चाळीस मिलिमीटर, मागे बोटापेक्षा बारीक दांडा, आणि वेग मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्या आसपास, कधी त्याच्याही वर. सूत काढायच्या दुसऱ्या यंत्राच्या, म्हणजे रिंग फ्रेमच्या, चात्या पंधरा-वीस हजार फेऱ्यांपर्यंत जातात. १८७७ साली सोलापुरात जुनी गिरणी उभी राहिली तेव्हाच्या यंत्रांचा वेग तर याच्या जवळपासही नव्हता.

या वाटीच्या आतल्या कडेला, मध्यापासून १५ मिलिमीटरवर, मंगळवेढ्याच्या ज्वारीचा एक दाणा चिकटलाय असं समजा. दाण्याचं वजन साधारण ३० मिलिग्रॅम. वाटी एक लाख फेऱ्यांनी फिरायला लागली की हा दाणा तिला बाहेरच्या बाजूला पाच किलोच्या जोरानं ओढतो. शिवाय ही ओढ वाटीबरोबर गोल फिरते, सेकंदाला सोळाशेपेक्षा जास्त वेळा. वाटीला धरून ठेवणारा आधार तेवढ्या वेळा इकडून तिकडे दाबला जातो. मशिन गरम होतं, आवाज चढतो, धागा तुटायला लागतो आणि बेअरिंग वेळेआधी जातं.

हिशेब साधा आहे. जास्तीच्या वस्तुमानाला मध्यापासूनच्या अंतरानं गुणायचं, की असमतोल मिळतो. तो ग्रॅम-मिलिमीटरमध्ये किंवा मिलिग्रॅम-मिलिमीटरमध्ये सांगतात. त्याला कोनीय वेगाच्या वर्गानं गुणलं की ओढीचं बल निघतं. सगळी गंमत त्या वर्गात आहे. वेग दुप्पट केला तर बल चौपट होतं, दहापट केला तर शंभरपट. दाताच्या डॉक्टरांकडची हवेवर चालणारी टर्बाइन मिनिटाला तीन लाख फेऱ्या मारते. तिच्यात मध्यापासून ३ मिलिमीटरवर एक मिलिग्रॅम जास्त झाला तरी तो ३०० ग्रॅमच्या जोरानं ओढतो.

भाग लहान झाला म्हणजे काम सोपं झालं, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. मला हे उलटं वाटतं, आणि आकडेही तेच सांगतात.

किती असमतोल चालतो

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेच्या २१९४० या मानक-मालिकेत (आधीचं १९४०) फिरत्या भागांचे दर्जे ठरवले आहेत. जी ६.३, जी २.५, जी १, जी ०.४ अशी त्यांची नावं. आकडा जितका लहान तितकी शिस्त कडक. मशिन-टूलचे ड्राइव्ह, टर्बाइन आणि कापडधंद्यातली यंत्रं जी २.५ मध्ये येतात. घासाई (ग्राइंडिंग) मशिनचे ड्राइव्ह जी १ मध्ये, आणि जायरोस्कोप व अतिअचूक स्पिंडल जी ०.४ मध्ये. दर्जाच्या आकड्याला कोनीय वेगानं भागलं की भागाचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षापासून किती सरकलेला चालेल ते मिळतं.

सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज प्रकल्पात ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. त्यांची टर्बाइन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरते. जी २.५ ला तिथे ८ मायक्रॉनची (मिलिमीटरच्या आठ हजारांशाची) सूट मिळते. तोच दर्जा एक लाख फेऱ्यांच्या वाटीला लावला तर सूट उरते जेमतेम ०.२४ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. ०.२४ मायक्रॉन ही दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही कमी लांबी आहे. वाटीचं वजन १०० ग्रॅम धरलं तर एवढं सरकणं म्हणजे २४ मिलिग्रॅम-मिलिमीटर, आणि १५ मिलिमीटरवर ते होतात १.६ मिलिग्रॅम. ज्वारीचा तो दाणा या मर्यादेच्या जवळजवळ एकोणीसपट आहे. यापुढे सगळीकडे हीच १०० ग्रॅमची वाटी आणि हाच १.६ मिलिग्रॅमचा आकडा धरून बोलतो.

असमतोल येतो कुठून? ओतकामात आत राहिलेली बारीक पोकळी, भोक किंचित एका बाजूला पडणं, चावीची खाच, एका बाजूला जाड बसलेला लेप, झीज, खाचेत दाबून बसलेली कापसाची धूळ. यातलं बरंचसं बाहेरून दिसतच नाही. डायल (पृष्ठभागाला टेकवायचं काट्याचं मोजयंत्र) लावून भाग हळूहळू फिरवला आणि काटा हलला नाही म्हणून "तोलात आहे" असं सांगणारे कारागीर भेटतात. डायल पृष्ठभागाचा गोलपणा सांगतो. धातूच्या आत वस्तुमान कसं पसरलंय याची त्याला काहीच कल्पना नसते. पृष्ठभाग अगदी गोल आणि आत पोकळी, अशा भागावर डायलचा काटा जागचा हलणार नाही आणि मशिन मात्र थरथरत राहील.

दोन टोकांचं भांडण

असमतोलाचे प्रकार समजून घेतले नाहीत तर मोजमाप फसतं, म्हणून इथे जरा थांबतो.

एक सरळ गोल बार घ्या आणि त्याच्या मधोमध मेणाचा ठिपका लावा. बार दोन समतल धारांवर ठेवला की ठिपका आपोआप खाली येतो. हा स्थिर असमतोल. तो शोधायला वेगानं फिरवायचीही गरज नाही, गुरुत्वाकर्षणच दाखवून देतं.

आता मधला ठिपका काढा. बारच्या डाव्या टोकाला वरच्या बाजूला एक आणि उजव्या टोकाला खालच्या बाजूला दुसरा, असे दोन सारखे ठिपके लावा. धारांवर ठेवलात तर बार कुठल्याही स्थितीत शांत राहतो, कारण गुरुत्वमध्य अक्षावरच आहे. पण तो फिरवा, म्हणजे डावं टोक वर ओढलं जातं तेव्हा उजवं खाली, आणि अर्ध्या फेरीनं उलट. बार मधल्या बिंदूभोवती डुलायला लागतो. यातल्या दोन ओढींची बेरीज शून्य असते, पण त्यांची पिळाची जोडी शिल्लक राहते. हिला युग्म असमतोल म्हणतात.

खऱ्या भागात हे दोन्ही एकत्र असतात, कमीजास्त प्रमाणात, वेगवेगळ्या कोनांत. त्यालाच गतिक असमतोल म्हणायचं. भाग फिरवल्याशिवाय तो कळत नाही, आणि त्याचं पूर्ण वर्णन करायला अक्षाला काटकोनात असलेल्या, दोन टोकांजवळच्या दोन पातळ्या लागतात. प्रत्येक पातळीत किती आणि कुठल्या कोनात, असे एकूण चार आकडे. पातळ चकती असेल तर बहुतेक वेळा एका पातळीवर भागतं. आपली वाटी एका टोकाला जड आणि मागे लांब दांडा अशी असल्यामुळे तिला दोन पातळ्यांशिवाय पर्याय नाही. भाग तीन तोलकाट्यांवर ठेवून न फिरवता गुरुत्वमध्य शोधायच्या पद्धती आहेत आणि त्या चांगल्याही आहेत, पण युग्म त्यांच्या नजरेला पडत नाही.

मोजायचं तरी कसं

फिरणाऱ्या भागाला हात लावता येत नाही, म्हणून त्याला धरणाऱ्या आधाराकडे पाहायचं, ही सगळ्या बॅलन्सिंग मशिनची मूळ कल्पना. फ्रान्झ लावाचेक यांनी १९०७ च्या सुमाराला या तत्त्वावरचं मशिन मांडलं आणि जर्मनीतल्या डार्मस्टाटमध्ये कार्ल शेंक यांच्या कारखान्यानं ते बांधलं. तेव्हापासून संवेदक आणि गणित बदललं, कल्पना तीच राहिली.

मशिनच्या दोन जाती आहेत. पहिल्या जातीत आधार ताठ असतो. भाग त्याला हलवू शकत नाही, फक्त ढकलतो, आणि ते ढकलण्याचं बल पिझो स्फटिकाच्या (दाब पडला की विजेचा सिग्नल देणाऱ्या) संवेदकानं मोजलं जातं. दुसऱ्या जातीत आधार नरम असतो. पातळ पट्ट्यांवर टांगलेला पाळणा आडवा सहज हलतो, भाग आपल्या खऱ्या वस्तुमान-अक्षाभोवती फिरायला बघतो आणि पाळणा त्याच्याबरोबर इकडेतिकडे जातो. ते हलणं मोजायचं. ताठ मशिन एकदा अंशांकित केलं (माहीत असलेल्या वजनानं त्याचे आकडे बसवून घेतले) की वेगवेगळ्या भागांना चालतं, म्हणून मोठ्या कामात ते लोकप्रिय आहे. हलक्या भागांसाठी मात्र मी नरम आधाराच्या बाजूनं आहे. कारण असं: आपली १०० ग्रॅमची वाटी मिनिटाला ३,६०० फेऱ्यांनी फिरवली तर १.६ मिलिग्रॅमची ओढ होते सुमारे ०.३५ ग्रॅमच्या जोराएवढी. ताठ पायावर एवढं बारीक बल पकडणं कठीण. नरम पाळण्यावर तीच वाटी दशांश मायक्रॉन हलते आणि चांगला वेग-संवेदक ते सहज टिपतो.

फक्त पाळणा हलका हवा. तो वाटीएवढाच जड असेल तर हलणं निम्म्यावर येतं, दहापट जड असेल तर अकराव्या हिश्श्यावर. छोट्या कामासाठी जुनं मोठं मशिन घेऊन त्यावर छोटे आधार बसवायचे हा आपल्याकडचा रिवाज नेमका इथे मार खातो.

मग एक लाख फेऱ्यांचा भाग ३,६०० वर मोजला तर चालतं का? चालतं, जोपर्यंत भाग स्वतः वाकत नाही. न वाकणाऱ्या भागाचा असमतोल हा त्याच्या वस्तुमानाच्या मांडणीचा गुण आहे, वेग बदलला तरी तो तेवढाच राहतो. वेगाबरोबर वाढतं ते बल. म्हणून कमी वेगात, सुरक्षितपणे मोजता येतं. भाग इतका लांब आणि सडपातळ असेल की कामाच्या वेगाला तो धनुष्यासारखा वाकतो, तर त्याचं शास्त्र वेगळं आहे. ते इथे घेत नाही.

वेग निवडताना एक साधी चूक टाळा. नेमक्या ३,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, आणि आपल्या विजेची वारंवारताही ५०. तारांमधून घुसणारी घरघर आणि शेजारच्या मोटारींची थरथर याच आकड्याजवळ येते, आणि मशिन तिलाही असमतोल समजतं. थोडं वर किंवा खाली जा, चित्र स्वच्छ होतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग धडधडत असतील तर जमिनीतूनही हादरे येतात. मशिन जड पायावर आणि रबरी पॅडवर ठेवणं तिथे फार महत्त्वाचं.

उरलेला गोंगाट गाळायचं काम इलेक्ट्रॉनिक्स करतं. भागावर एक खूण करायची आणि प्रकाश-संवेदकानं प्रत्येक फेरीला ती खूण टिपायची. मग त्या खुणेच्या तालात येणारा तेवढाच भाग सिग्नलमधून उचलायचा आणि अनेक फेऱ्यांची सरासरी घ्यायची. शंभर फेऱ्यांच्या सरासरीनं विस्कळीत गोंगाट दहाव्या हिश्श्यावर येतो, आणि ३,६०० च्या वेगाला शंभर फेऱ्यांना दोन सेकंदही लागत नाहीत. असमतोल कुठल्या कोनात आहे हेसुद्धा त्याच खुणेवरून कळतं.

पण ती खूण कशानं करायची? सवयीनं सगळे चमकणाऱ्या टेपचा तुकडा चिकटवतात. तीन मिलिमीटर चौरसाचा तुकडा दोन मिलिग्रॅमच्या घरात जाऊ शकतो, आणि आपली पूर्ण सूट १.६ मिलिग्रॅमची आहे. म्हणजे खूणच मर्यादा मोडते. चकचकीत धातूवर काळ्या मार्करची बारीक रेघ ओढली तर संवेदकाला ती पुरते आणि वजन नगण्य. तसंच कंपनमापकाचं. तो कधीही भागावर लावायचा नाही, आधारावर लावायचा. पाळणाच फार हलका असेल तर संवेदकाचं वजन तिथेही जड होतं. मग लेसर किरण टाकून, परतणाऱ्या प्रकाशाच्या वारंवारतेतल्या फरकावरून कंपन मोजणारी उपकरणं वापरतात. ती महाग आहेत, पण कशालाही न शिवता काम करतात.

चाचणी-वजनाची युक्ती

मशिननं सांगितलं की सुई ४ अंकांवर आहे. त्यातून मिलिग्रॅम कसे काढायचे? यासाठी माहीत असलेलं एक छोटं वजन भागावर तात्पुरतं चिकटवतात आणि पुन्हा मोजतात. फरक पडला तो त्या वजनामुळे.

हे आलेख-कागदावर बाणांनी काढता येतं. पहिलं मोजमाप ४ एकक, ० अंशावर. आता ५ मिलिग्रॅमचं वजन खुणेपाशी म्हणजे ० अंशावर लावलं. दुसरं मोजमाप आलं ५ एकक, ३७ अंशावर. एकाच बिंदूपासून दोन्ही बाण काढा आणि पहिल्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत रेघ ओढा. ती ३ एकक लांब आणि ९० अंशांच्या दिशेला भरते. म्हणजे ५ मिलिग्रॅमनं ३ एकक उठतात आणि परिणाम वजनापेक्षा ९० अंश पुढे दिसतो. मग मूळचे ४ एकक उठवणारा असमतोल ६.७ मिलिग्रॅम, आणि तो बसलाय २७० अंशांवर. चाचणी-वजन काढून टाका. भाग होता तसाच आहे, आणि तुम्हाला किती व कुठे हे दोन्ही कळलंय.

दोन पातळ्यांसाठी हेच तीनदा करायचं: वजनाशिवाय, पहिल्या पातळीत वजन लावून, दुसऱ्या पातळीत वजन लावून. दोन्ही आधारांवरचे बाण मोजायचे. एका पातळीतलं वजन दुसऱ्या टोकालाही थोडं हलवतं, ते सगळं हिशेबात धरलं जातं. हे आकडेमोडीचं काम आता मोबाइलवरही होतं.

कोन मोजायची सोयच नसेल तरी हात बांधलेले नसतात. वजनाशिवाय एकदा, आणि तेच वजन ०, १२० व २४० अंशांवर लावून तीनदा, असं नुसत्या कंपनाच्या आकाराचं चारदा मोजमाप घेतलं तर एका पातळीतला असमतोल कंपासनं वर्तुळं काढून शोधता येतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांकडून हे हातानं करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर जे क्षणात दिसतं ते इथे बोटांना कळतं.

चाचणी-वजन अचूक हवं, आणि मिलिग्रॅममध्ये अचूक वजन बनवणं अवघड वाटतं. तांब्याच्या बारीक तारेनं ते सोपं होतं. ०.२ मिलिमीटर जाडीची तार, मोटार-वाइंडिंगवाल्याकडे मिळते, तिचं इनॅमल खरवडून टाका. चार मीटर तार सराफाच्या काट्यावर तोला, ती १.१३ ग्रॅमच्या आसपास भरेल. काटा दहा मिलिग्रॅमपर्यंतच दाखवत असला तरी चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. आता एक सेंटिमीटर म्हणजे २.८ मिलिग्रॅम. हवं तेवढं मोजपट्टीवर मोजून कापा. चिकटवायला लावलेल्या मेणाचं वजनही धरायला विसरू नका. मेणाचा कणच वजन म्हणून वापरायचा असेल तर हिवाळ्यात ठीक, पण एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला आणि शेडवर पत्रा तापला की मधमाशांचं मेण मऊ पडतं आणि फिरताना सरकतं. तेव्हा चिकणमातीसारखी पुट्टी बरी. ती पुसली की डाग राहत नाही, आणि त्यासाठी पाणी लागत नाही. ३,६०० च्या वेगाला ५ मिलिग्रॅमवर ओढ सुमारे एक ग्रॅमची असते, त्यामुळे ती टिकून राहते. एक लाख फेऱ्यांना असं काही चिकटवण्याचा विचारही करू नका. झाकण आणि डोळ्यांवर चष्मा कमी वेगालाही हवाच.

सगळ्यात मोठी चूक भागात नसते

छोट्या भागांचं मोजमाप कशानं बिघडतं असं विचाराल तर मी मॅन्ड्रेलकडे, म्हणजे भाग फिरवण्यासाठी त्याच्या भोकात घालायच्या तात्पुरत्या दांड्याकडे, बोट दाखवीन. पंखा, इम्पेलर (पंपातलं पात्यांचं चाक), चकती यांना स्वतःचा शाफ्ट नसतो, त्यामुळे मोजताना ते मॅन्ड्रेलवर चढवावे लागतात. मॅन्ड्रेलचा असमतोल भागाच्या खात्यात जमा होतो.

त्यावर उत्तर आहे. एकदा मोजा. मग मॅन्ड्रेल तसाच ठेवून भाग त्यावर १८० अंश फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. मॅन्ड्रेलचा बाण दोन्ही वेळा तिथेच राहतो, भागाचा बाण उलटतो. दोन्ही बाणांच्या बेरजेचा अर्धा म्हणजे मॅन्ड्रेल, वजाबाकीचा अर्धा म्हणजे भाग. ही पद्धत फुकट आहे आणि तिला दहा मिनिटं पुरतात, तरी ती फार कमी ठिकाणी होते याचं मला वाईट वाटतं.

ढिल्या बैठकीला मात्र तीही पुरी पडत नाही. भोक आणि मॅन्ड्रेल यांत ५ मायक्रॉनचा ढिलेपणा आहे असं धरा. वर्कशॉपच्या भाषेत ही झकास बैठक. तरी भाग अडीच मायक्रॉन एका बाजूला बसू शकतो, आणि १०० ग्रॅमच्या भागात ते होतात २५० मिलिग्रॅम-मिलिमीटर. आपली मर्यादा २४ ची. म्हणजे नुसतं काढून घातल्यानं मर्यादेच्या दहापट चूक येते, आणि दर वेळी वेगळ्या दिशेला. म्हणून छोट्या अचूक कामात फुगून पकडणारे मॅन्ड्रेल वापरतात, किंवा भाग त्याच्या स्वतःच्या बेअरिंगवर बसवूनच मोजतात. माझं मत दुसऱ्या पद्धतीकडे झुकतं. ज्या आधारावर भाग पुढे आयुष्यभर फिरणार, त्याच्यावरच तो तपासलेला बरा.

तुमचं मोजमाप किती विश्वासाचं आहे हे बघायची परीक्षाही सोपी आहे. भाग काढा, पुसा, पुन्हा बसवा, मोजा. असं पाच-सहा वेळा करून बाणांची टोकं एकाच कागदावर मांडा. ठिपके जेवढे पसरतील तेवढी तुमच्या पद्धतीची अनिश्चितता. पसारा मर्यादेपेक्षा मोठा असेल तर भागाबद्दल काहीही बोलायचा अधिकार अजून मिळालेला नाही.

असमतोल घालवायला जड बाजूचा धातू ड्रिलनं काढतात. हे सगळं मोजणं ड्रिलचं टोक भागाला लागण्याआधी व्हायला हवं. मोठ्या पंख्यात चुकीच्या जागी एक भोक पडलं तर दुसऱ्या भोकानं भरपाई होते. वाटीच्या पातळ भिंतीत किंवा दाताच्या टर्बाइनमध्ये काढायला धातूच नसतो. तिथे एक चुकीचा खड्डा म्हणजे भाग भंगारात. म्हणून मोजणं पूर्णपणे उलटवता येण्यासारखं ठेवायचं. रेघ पुसता येते, तार काढता येते, पुट्टी निघून जाते.

दुरुस्तीनंतरची तपासणी

धातू काढला किंवा इपॉक्सी पुट्टी भरली, मशिननं हिरवा दिवा दाखवला. आता उरलेला असमतोल खरंच किती आहे? ज्या मशिनच्या अंशांकनावर दुरुस्ती केली, त्याच अंशांकनाची साक्ष मी पुरेशी मानत नाही. स्वतंत्र तपासणी असते, आणि तिला कोन मोजावाही लागत नाही.

मर्यादेच्या साधारण पाचपट वजन घ्या, आपल्या वाटीसाठी ८ मिलिग्रॅम. परिघावर ३० अंशांच्या अंतरानं बारा जागा आखा. तेच वजन एकेका जागी लावत जा आणि प्रत्येक वेळी फक्त कंपनाचा आकडा लिहा. वजन उरलेल्या असमतोलाच्या बाजूला आलं की आकडा वाढतो, विरुद्ध बाजूला गेलं की कमी होतो. आलेख काढला की एक गुळगुळीत लाट दिसायला हवी. समजा सगळ्यात मोठा आकडा ११.५ आणि सगळ्यात लहान ८.५. फरक ३, बेरीज २०. ३ भागिले २० म्हणजे ०.१५, त्याला ८ मिलिग्रॅमनं गुणलं की १.२ मिलिग्रॅम. मर्यादा १.६ ची, भाग पास. दोन पातळ्या असतील तर मर्यादा दोघींत वाटून घ्या आणि ही फेरी प्रत्येक पातळीत वेगळी करा.

लाट वेडीवाकडी आली तर समजावं की काहीतरी सैल आहे, वजन सरकतंय किंवा बाहेरून हादरे येतायत. त्या दिवशीचे आकडे खोडून टाकायचे आणि कारण शोधायचं.

भाग बाहेरगावाहून बॅलन्स करून आला असेल तर नुसत्या "ओके" शिक्क्यावर समाधान मानू नका, एवढं लिहून मागा: प्रत्येक पातळीत उरलेला असमतोल मिलिग्रॅम-मिलिमीटरमध्ये, कुठल्या वेगाला मोजला, भाग कशावर बसवला होता, १८० अंश उलटून पाहिला का, आणि बारा जागांची लाट काढली असेल तर तिचा कागद. ज्यानं काम नीट केलंय त्याच्याकडे हे सगळं आधीच लिहिलेलं असतं.